पाणी कुठल्या अंगाला?

शिवाजीनगरच्या एका गाळ्यात बेळगावकडचे एक काका शाळा-क्लबांचे बिल्ले भरतकामानं करून देतात. आमच्या ऑफिसातला जर्मन सहकारी कायमचा परत निघाला होता. त्याला भेट म्हणून त्याच्या खेड्याचं मानचिन्ह मला भरून हवं होतं. ढालीवर गव्हाची लोंबी, मध्ये चाक, खाली निळी नागमोडी पट्टी.

काकांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एकेका चित्राचा अर्थ विचारला. मी मोबाइलवर वाचून सांगितलं, "लोंबी म्हणजे शेती, चाक जुन्या पाणचक्कीचं, पट्टी म्हणजे ओढा."

"पाणी कुठल्या अंगाला वाहतंय, अक्का?"

"काय फरक पडतो त्यानं?" मी वैतागले.

"टाके त्याच अंगाला झुकवतो मी. उलटं वाहिलं तर त्याचं गाव न्हाई ते."

निमित्त न सांगता मी सहकाऱ्याला मेसेज केला. क्षणात उत्तर आलं: चर्चच्या पायरीवर उभं राहिलं की डावीकडे.

"सरी," असा कानडीत होकार देत काकांनी सुई कापडात घातली. "आणि तुमच्या गावची नदी?"

मी आठवायला लागायच्या आत माझा हात उजवीकडे गेला होता.