उतरा, हब फिरवा

फोर-व्हील-ड्राइव्हची बदनामी चालवणाऱ्यांनी नाही, रील बघणाऱ्यांनी केली आहे. जीप नदीतून उडताना बघायची, लाइक ठोकायचा आणि आमची जीप अडकली की विचारायचं, "अगं, फोर-बाय-फोर आहे ना? मग अडकते कशी?" एकदा चिखलात उतरा म्हणजे कळेल कशी ते! या एका प्रश्नाला उत्तरं देता देता आमच्याकडे इतके किस्से साठलेत की शिबिराला निघताना गाणी लावावी लागत नाहीत.

आम्ही चौघं. डॉक्टरबाई डोळ्यांच्या, महिन्यातला एक रविवार त्या पेठ गावाच्या पलीकडे, डोंगरावरच्या एका पाड्यावर तपासणी करतात. गायकवाड काका ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. प्रसाद पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरातला, चष्म्यांची पेटी सांभाळतो. आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून ड्रायव्हर!

जीप जुनी. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एकेक चकती आहे, तिला हब म्हणतात. खाली उतरून दोन्ही चकत्या हाताने 'लॉक'वर फिरवायच्या, मग आत येऊन लिव्हर ओढायचा. तेव्हा कुठे पुढची चाकं जोर लावतात.

* * *

पहिल्या फेरीत ओढ्याकाठी मी झोकात लिव्हर ओढला आणि ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगर फिरली आणि खड्डा करून त्यातच बसली. मी आणखी दाबला. जीप आणखी बसली. काका मागे शांतपणे शेंगदाणे खात होते.

"झालं? आता उतर आणि हब फिरव."

"काका, आधी का नाही सांगितलंत?"

"तू इंजिनिअर. मला वाटलं, काहीतरी नवीन दाखवतेस!"

* * *

मग नियम ठरला: डावीकडे बसेल त्याने हब फिरवायचे. पावसात प्रसाद उतरला, फिरवून आला, रुमालाने हात पुसले. मी लिव्हर ओढला. पुढची चाकं ढिम्म. अर्धा तास आम्ही दगड घातले, फांद्या घातल्या. शेवटी काका खाली उतरून बघून आले.

"प्रसाद, उजवा हब?"

"तो हिच्या बाजूला आहे ना!"

दोनपैकी एकच हब लॉक केला तर पुढे जोर शून्य. पाड्यावर पोचेपर्यंत लोक कंटाळून शेतावर गेलेले. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत, तेच वाईट. परतताना एवढंच म्हणाल्या, "माझे शहरातले पेशंट ताटकळत ठेवून मी येते. आता एकदा जरी गाडी वर पोचली नाही, तर मी हे थांबवणार."

त्या दिवसापासून मी झोपेतही हब फिरवते.

* * *

फिरवते, पण सोडवायला विसरते! काकांना ओझरची बस पकडायची होती म्हणून आम्ही शहरातल्या द्वारका चौकात आलो. घाटात रस्ता ओला होता, चाकं घसरून घेत होती, तोवर निभावलं. द्वारकेच्या कोरड्या डांबरावर वळण घेताना स्टिअरिंग दगडासारखं झालं, टायर किंचाळले आणि जीप ऐन चौकात आडवी. मागे ट्रक, रिक्षा, हॉर्न. लिव्हर सोडवेना, म्हणून जीप दोन फूट मागे घेतली, तेव्हा सुटला. मग मी उजव्या चाकापुढे गुडघे टेकले, प्रसादने डाव्या.

ट्रॅफिक हवालदार धावत आला. "ओ ताई, गाडीची पूजा घरी करून निघायचं!"

* * *

एकदा डावा हब चिखलाने जाम झाला. मला दम कुठला! मी हातोडा काढला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला, पेटीत ठेवला आणि स्वतः जुना टूथब्रश घेऊन बसले.

"उशीर होतोय, काका!"

"आयुष्यात विमानाला हातोडा मारला नाही, तुझ्या जीपला मारू?"

पाचव्या मिनिटाला हब दोन बोटांनी फिरला.

* * *

आणि परवाचा रविवार. ओढ्याआधी मी दोन्ही हब लॉक केले. काकांनी तपासले. प्रसादने स्वतःहून दोन्हीकडे जाऊन तपासले. चारही चाकं जोर लावत होती, आणि तरीही जीप घसरली आणि काठावरच्या दगडावर पोट टेकून बसली. चाकं हवेत असली की लॉक काय आणि फ्री काय! ट्रॅक्टरशिवाय इलाज नव्हता.

डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं.

सरपण घेऊन एक माणूस वर चालला होता. त्याने पाड्यावर सांगितलं असावं, कारण तासाभरात लोक उतरून आले. मग खालच्या बाजूनेही येऊ लागले, ओढ्याकाठच्या दोन पाड्यांवरचे: काठी टेकत, कोणी सुनेचा हात धरून. वरच्या शिबिरात मी यांना कधीच पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी अक्षरांचा तक्ता जीपच्या काचेवर लावला आणि बॉनेटवर पेटी उघडली. दुपारपर्यंत चष्मे संपले.

शेवटी एक म्हातारी खालच्या पाड्यावरून आली होती. तिचा नंबर वहीत लिहिताना मला राहवलं नाही. डॉक्टरबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "आजी, चुकलं आमचं. पुढच्या महिन्यात काही झालं तरी गाडी वर पोचवते. तिथेच देते तुमचा चष्मा."

आजींनी वरच्या चढाकडे बघितलं, मग दगडावर बसलेल्या जीपकडे.

"नको गं बाय. पुढल्या टायमाला बी इठंच रुतव."