उरलेले दोन पॅड

शहापूरला हायवेलगत ज्याचं गॅरेज आहे, त्याने मला फसवलं. माझ्या मुलीच्या गाडीचे ब्रेक सुधारून देतो म्हणाला, ठरलेले पैसे पूर्ण घेतले आणि काम अर्धं केलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण तीन आठवडे थांबून लिहितो आहे, आणि इथलं प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडावर बोलून झालेलं आहे.

मी भोळा माणूस नाही, हेही आधीच सांगतो. कुणी हळहळायला नको. गवताच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली. सुरुवात दुसऱ्याच्या वखारीत गाठी उचलण्यापासून झाली, आज किन्हवलीला माझ्या स्वतःच्या दोन वखारी आहेत. गवताची गाठ घेताना मी वरचं गवत बघतच नाही. वरचं सगळ्यांचंच सोनेरी असतं. तारेखालून कोपरापर्यंत हात घालतो आणि पोटातली मूठ बाहेर ओढून नाकाला लावतो. ओलं असो, कुजकं असो, ते पोटातच भरलेलं असतं. या एका सवयीवर मी घर बांधलं आणि मुलीला शिकवून शिक्षिका केलं.

तिची शाळा टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या सोंडेवरच्या एका वाडीत आहे. खालच्या रस्त्यापासून शाळेपर्यंत सरळ चढ, तीन वळणं, आणि चढाच्या तळाशी ओढ्यावरची मोरी. एसटी मोरीपर्यंतच येते. पहिलं वर्ष तिने जीपने आणि पायी काढलं. मग स्वतःच्या पगारातून एक छोटी पांढरी गाडी घेतली, जुनी, मला न विचारता. किंमत ऐकून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, कारण तिने घासाघीसच केली नव्हती. समोरच्याने सांगितले तेवढे पैसे देऊन आली.

दिवाळीच्या आधी एकदा त्याच बाजूला गवत बघायला गेलो होतो. परतताना ती शाळेतून उतरत होती आणि मी टेम्पोत तिच्या मागे. तिसऱ्या वळणावर तिच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. गाडी थांबायला हवी होती तिथून बरीच पुढे जाऊन थांबली. समोर फक्त एक म्हैस होती. खाली उतरून मी तिला विचारलं, हे रोज असंच होतं का? ती म्हणाली, उतारावर जरा आधीपासून दाबावं लागतं, सवय झाली आहे. ती हसत होती.

म्हणून मी शहापूरच्या त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. गाड्यांचं इंजिन, टायर, ब्रेक मूळपेक्षा जोरदार करून घेणारी पोरं त्याच्याकडे लांबून येतात, एवढं ऐकलं होतं. तो माणूस चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने गाडी चालवून बघितली आणि काय करायचं ते समजावलं. पुढच्या चाकांना खाचा पाडलेल्या डिस्क टाकायच्या, म्हणजे तापलेली हवा आणि पाणी खाचांतून निघून जातं. डिस्कला दोन्हीकडून चिमटा घेणारे पॅड असतात, ते वरच्या दर्जाचे घालायचे, उतारावर तापले तरी पकड न सोडणारे. रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या नळ्या, आणि सगळं ब्रेक ऑइल नवीन. मला पटलं. मग भाव सुरू झाला.

घासाघीस म्हणजे समोरच्याला लुबाडणं, असं पगारी लोकांना वाटतं. तसं नसतं. मी खाली ओढतो, तो वर धरतो, आणि एका जागी तो म्हणतो, "नाय परवडत." ते खरं आहे की नाटक, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. नाटक असेल तर मी आणखी ओढतो. खरं असेल तर तिथे थांबतो. तीस वर्षांत कातकरी गवत कापणाऱ्यापासून तबेलेवाल्यापर्यंत कुणाशीही मी त्या शब्दाच्या पलीकडे गेलेलो नाही. तो शब्द समोरच्याने म्हणायचा असतो. ते त्याचं काम आहे, माझं नाही.

गॅरेजवाल्याकडे मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा त्याने दारापर्यंत येऊन परत बसवलं, चहा मागवला. तिसऱ्यांदा मी आकडा सांगितला तेव्हा माझं मलाच वाटलं की आता हा तो शब्द म्हणणार. त्याने छताकडे बघितलं आणि हसला.

"चला शेठ, तुमचं राहू द्या. बसवतो."

मी खूश झालो. घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

एक अट मात्र मी घातली होती. जे काढशील ते मला परत दे. जुना भाग हातात आला की नवीन बसवला हे कळतं. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीतही मी हेच करतो. त्याने एका पिशवीत दोन जुन्या डिस्क, रबरी नळ्या आणि दोन झिजलेले पॅड दिले. मी पिशवीत हात घालून मोजलं. दोन चाकं, दोन डिस्क, दोन पॅड. बरोबर. मग बाहेर जाऊन चाकाच्या जाळीतून डोकावलो. डिस्क आरशासारखी, खाचा दिसत होत्या, पॅड जाडजूड. मी समाधानाने मान हलवली.

गाडी आधीपेक्षा चांगली थांबत होती, हे खरं. मुलीने चार-सहा दिवस कौतुक केलं. मग म्हणाली, बाबा, उजव्या चाकातून करकर ऐकू येते. मी गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने सांगितलं, पॅड नवीन आहेत, डिस्कवर घासून बसायला वेळ लागतो. मी तेच मुलीला सांगितलं. पंधरा दिवसांनी ती परत म्हणाली. मी परत तेच सांगितलं, आणि वर हेही की गाडीचं कळत नसेल तर गप्प चालवावी. तिसऱ्यांदा तिने मला सांगितलंच नाही. आईला सांगितलं. गवताचा हंगाम भरात होता, वखारीसमोर टेम्पोंची रांग लागली होती, आणि बायकोने विषय काढला तेव्हा मी अंगावर ओरडलो.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, ती खाली येत होती. दुसऱ्या वळणावर ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. तिसऱ्या वळणाआधी तो तळाला टेकला. तिने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, वेग कमी झाला पण गाडी थांबेना. समोर मोरी. मोरीच्या कठड्याला टेकून, जीपची वाट बघत, वाडीतल्या पाच-सहा बाया उभ्या होत्या, त्यातल्या दोघींच्या डोक्यावर मोळ्या. ती मला नंतर म्हणाली की हॉर्न वाजवायचं सुचलं नाही, त्या बाया कुठल्या बाजूला पळतील हेच डोक्यात होतं. तिने स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला वळवलं आणि गाडी दरडीत घातली.

उजवं मनगट मोडलं. बाकी खरचटलं. त्या बायांनीच तिला बाहेर काढलं आणि एकीने तिच्या फोनवरून मला फोन केला. पहिलं वाक्य होतं, "बाय जित्ती हाय, घाबरू नका." त्यानंतर काय बोलली ते मला आठवत नाही.

गाडी मी शहापूरला नेली नाही. मुरबाडला एक म्हातारा मिस्त्री आहे, कमी बोलणारा, त्याच्याकडे ओढून नेली. त्याने उजवं चाक काढलं, वाकून बघितलं आणि मला म्हणाला, इकडे या, आत हात घाला. मी डिस्कच्या मागे बोटं नेली. बाहेरची बाजू गुळगुळीत होती. आतली बाजू नांगरल्यासारखी. मागचा पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता, पत्रा डिस्कवर घासत होता, आणि पॅडला दाबणारा पिस्टन इतका बाहेर आला होता की कडेने ऑइल गळून गेलं होतं. डावं चाक काढलं. तिथेही बाहेर नवा, आत जुना.

मी म्हटलं, पण मला त्याने दोन्ही जुने परत दिले.

"दोन्ही?" म्हातारा म्हणाला. "एका चाकाला दोन असतात शेठ. चार यायला हवे होते."

गाठीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस मी. चाकाच्या मागे बोट घातलं नाही. पिशवीत दोन मोजले आणि बरोबर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार झिजलेले पॅड मी त्या गॅरेजवाल्याच्या टेबलावर ओतले: दोन त्याने दिलेले, दोन म्हाताऱ्याने काढलेले. पहिल्यांदा तो म्हणाला की मुलगी ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत असणार, बायका तशाच चालवतात. मी टेबल उलटं केलं. ते बरोबर नव्हतं, पण केलं. मग तो खाली वाकून पॅड गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेठ, दर तुमी कुठवर खाली आणलात ते आठवा. त्या भावात दोनच बसतात."

"मग 'नाय परवडत' म्हणायला तुझी जीभ झडली होती?"

"म्हणालो असतो तर तुमी उठून गेला असता. दोनदा उठलात की."

यावर मी बऱ्याच रात्री जागलो आहे. उठून गेलो असतो का? पहिल्या दोन वेळा उठलो ते नाटक होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. तिसऱ्यांदा त्याने तो शब्द म्हटला असता, तर मी थांबलो असतो आणि पैसे वाढवले असते. गवत असतं तर कदाचित नसते वाढवले. हे मुलीचे ब्रेक होते. आणि समजा गेलोच असतो उठून, तर गाडी जुन्याच ब्रेकवर राहिली असती, आणि ती उतारावर आधीपासून दाबत राहिली असती, कारण ब्रेक कच्चे आहेत हे तिला ठाऊक होतं. त्याने तिला ब्रेक पक्के झाल्याचा भरवसा विकला. माझी चूक माझी आहे, ती मी कबूल करतो. दर मी पाडला, करकर मी ऐकून घेतली नाही. पण पॅड मी बसवले नाहीत.

त्याने पैसे परत देतो म्हटलं. मी दवाखान्याचा खर्च धर म्हटलं, त्याने धरला. पत्र्याचं काम धर म्हटलं, तेही धरलं. एकदाही कुरकुर नाही. मी जिंकून घरी आलो. एवढ्या लवकर हो म्हणणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे मी धंद्यातल्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

मुलगी प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने वह्या तपासत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, कसा वाकवला, कसं कबूल करायला लावलं. तिने पेन खाली ठेवलं.

"बाबा, पॅडचा सेट चारचाच येतो ना?"

"हो."

"मग आपल्या सेटमधले उरलेले नवे दोन कुठे गेले?"

मी म्हटलं, ठेवले असतील त्याने फळीवर.

"फळीवर ठेवायला कुणी सेट फोडत नाही. अशीच एखादी गाडी आली असणार. तिलाही बाहेरून दोन." मग वहीकडे बघत, "तिच्यासमोर दरड असेलच असं नाही."

ती आता गाडीत बसत नाही. मी चालवत असलो तरी नाही. म्हाताऱ्या मिस्त्र्याने चारही पॅड नवीन घातले, मला चाकांच्या मागे हात घालायला लावला, तरी नाही. प्लॅस्टरमधला हात सांभाळत ती जीपने जाते आणि चढ पायी चढते. त्या दोन पॅडचा पत्ता लागेपर्यंत बसणार नाही, म्हणते. हट्टी आहे. माझ्यावर गेली आहे.

मी गॅरेजवाल्याकडे परत गेलो. उरलेले दोन कुणाच्या गाडीला लावलेस, एवढंच विचारलं. आधी तो म्हणाला, आठवत नाय. मग म्हणाला, आमी लिहून ठेवत नाय. मग म्हणाला, तुमचं मिटलं ना, बाकीच्यांचं तुमाला काय? तेव्हा मी त्याने दिलेले सगळे पैसे त्याच्या टेबलावर ठेवले आणि निघून आलो. मिटलं म्हणायला त्याच्याकडे जागा उरू नये म्हणून.

ते पॅड तसल्याच गाडीला बसतात, आणि तसल्या छोट्या गाड्या इकडे किती आहेत, हे मला या तीन आठवड्यांत कळलं. मुरबाडच्या नाक्यावर, खर्डी स्टेशनच्या बाहेर, भातसानगरच्या कॉलनीत. सरळगावला एकाला मी हात करून थांबवलं. मागे त्याची बायको आणि लहान मूल. ब्रेकचं काम कुठे केलंत, विचारलं. त्याने काच वर केली. मी तरी वाकून जाळीतून बघितलं. बाहेरचा पॅड जाडजूड, नवा. बाहेरून एवढंच दिसतं.

रोज सकाळी वखार उघडली की मी शहापूरला जातो आणि त्याच्या गॅरेजसमोरच्या बाकावर बसतो. तो बघतो, कामाला लागतो. गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण? मी सांगतो. काही गाडी परत नेतात. त्याने मला धमकावून झालं आहे, हात जोडून झालं आहे. माझं म्हणणं त्याला पाठ आहे, तरी इथे लिहून ठेवतो. मला पैसे नकोत, माफी नको. कुणीतरी माझ्यासारखाच दर पाडून, खूश होऊन, तुझ्या दारातून गाडी घेऊन गेला आहे, आणि त्याच्या घरचं कोणीतरी आज ती गाडी उतारावरून आणत असेल. तू त्याला ओळखतोस. गाडी कुणाची, कुठल्या गावाची, ते सांग.