शिट्टीनंतरची खूण

"विश्राम" म्हणायचं होतं. प्रवीणच्या तोंडून "वि... वि..." एवढंच निघालं आणि सातवीचा अख्खा वर्ग हसायला लागला.

मी नागपुरात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवते. आमचे विद्यार्थी शहरातल्या शाळांमध्ये सरावपाठ घेतात. त्याआधी पाठाचं टाचण लिहावं लागतं, म्हणजे तासाचा आराखडा. वॉर्म-अप, कवायत, खेळ, समारोप. कुठे कोणती आज्ञा द्यायची, तेही त्यात असतं. प्रवीण कुहीकडचा, खो-खोचा पक्का खेळाडू. पण बोलताना अडखळायचा आणि आज्ञा देताना तर फारच.

प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, आज्ञा दुसऱ्या कोणाले देऊ द्या. बाहेरचे परीक्षक येऊन राहिले. पोरगा नापास होईन."

मी प्रवीणला तसं सुचवलं. त्यानं मलाच विचारलं,

"नोकरीत मले दु... दुसरा कोण देईन, मॅडम?"

त्यानं टाचण नव्यानं लिहिलं. शिट्टी वाजली की मुलं थांबतात, पण पुढे काय करायचं ते शिट्टी सांगत नाही. म्हणून त्यानं प्रत्येक आज्ञेसाठी हाताची एक खूण ठरवली. त्या खुणा वॉर्म-अपमध्येच खेळातून शिकवायच्या. जो चुकेल त्यानं पुढे येऊन पुढची खूण करायची. मुलं मुद्दाम चुकायला लागली, इतकं त्यांना ते आवडलं.

कवायतीत मात्र सगळं फसलं. सकाळचं ऊन मुलांच्या डोळ्यांवर होतं, त्यांना हात दिसेना. पुढच्या पाठाला त्यानं वर्ग उलट्या दिशेला तोंड करून उभा केला आणि ऊन स्वतःच्या तोंडावर घेतलं. तरी मागची रांग चुकतच होती. मग रांगा मोडून त्यानं अर्धवर्तुळ केलं. यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. पाठ संपला की तो मुलांनाच विचारायचा, "कोणाले दि... दिसलं नाही?" आणि उत्तर ऐकून टाचण बदलायचा.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर शिट्टी आणि बुटांचा आवाज, एवढंच ऐकू येत होतं. वर्ग एकाच वेळी वळत होता, एकाच वेळी थांबत होता. मी बघतच राहिले.

परीक्षकांनी विचारलं, "आज्ञा काहून नाही दिल्या?"

मी उत्तर देणार होते, पण प्रवीण पुढे झाला.

"सर, मी अ... अडखळतो. म्हणून असं शिकवलं. पोरं कुठं चु... चुकली असतील तर सांगा."

त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत परीक्षक थांबले. मग म्हणाले, "नाही चुकली."

आज्ञेच्या रकान्यात त्याला कमीच गुण मिळाले, बाकी सगळीकडे भरपूर. तो पास झाला. आता सावनेरजवळच्या एका शाळेत शिकवतो. अजूनही अडखळतो.

टाचण तपासताना मी हल्ली "आज्ञा कोणती?" असं विचारत नाही. "मागच्या पोराला ती कळणार कशी?" असं विचारते. खणखणीत आवाजाचे बरेच विद्यार्थी मग टाचण परत मागून घेतात आणि नव्यानं लिहितात.