वाचवलेला व्होल्टमीटर

प्रयोगाच्या वहीत दक्षता सगळ्यांत शेवटी लिहायची असते. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष, आणि मग घंटा व्हायला आली की घाईघाईने दक्षता. भौतिकशास्त्राचे सर मात्र ती सगळ्यांत आधी सांगत. प्रयोग राहिला तर राहू दे, दक्षता झालीच पाहिजे, असा त्यांचा एकंदर बाणा. मुलांनी त्यांचं नाव 'दक्षता सर' ठेवलं होतं. टोपणनावात माणसावर इतका कमी अन्याय क्वचितच होतो.

स्क्रूगेजमध्ये तार धरली की मागचं गोल टोक टकटक वाजेपर्यंतच फिरवायचं, पुढे जोर करायचा नाही. नाहीतर तार चेपते आणि पोरं खोटं माप खऱ्या अभिमानाने लिहून आणतात. काचेच्या ठोकळ्यातून प्रकाश कसा वळतो ते पाहताना टाचण्या सरळ टोचायच्या आणि तास संपला की परत करायच्या, खिशात न्यायच्या नाहीत. भिंग घेऊन खिडकीशी जायचं, समोरच्या इमारतीची उलटी प्रतिमा कागदावर पकडायची, पण भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही. हे सगळं ते अशा काळजीने सांगत, की मुलांना टाचणीचीसुद्धा थोडी भीती वाटे.

विजेच्या प्रयोगाला तर सर मुद्दाम दारापाशी उभे राहत. दाराशेजारी भिंतीवर लाल दांड्याचा मेन स्विच होता. त्याच्याकडे बोट दाखवून ते दरवर्षी तेच सांगत: "काही झालं तर जो जवळ असेल त्याने हा दांडा खाली ओढायचा. पळायचं नाही. पळणारा फक्त स्वतःला वाचवतो, आणि तेही चुकून."

शेवटच्या टेबलावरचा एक नकल्या हे वाक्य भुवयांसकट म्हणून दाखवायचा. सरांनी एकदा दाराआडून ऐकलं आणि आत येऊन म्हणाले, "'तेही'वर जोर कमी पडतोय." वर्ग खो खो हसला. ते हसणं सरांना आवडायचं, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. घरी त्यांना कुणी हसत नसे. तिथे दिवा बदलायला स्टुलावर बायको चढायची आणि सर खालून स्टूल धरायचे. बायको नर्स होती आणि दोघांपैकी एकाने तरी शांत राहावं हे तिला पटलं होतं.

झालं ते ओहमच्या नियमाच्या तासाला. मधल्या टेबलावरचा बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी प्रयोगाला वीज देणारा डबा, जुना होता. शाळेत नवी वस्तू तीच, जी अजून कपाटाबाहेर काढलेली नाही. सरांनी प्रत्येक जोडणीवरून बोट फिरवून पाहिलं होतं, "आता कळ घाला," म्हणजे वीज सुरू करा, म्हणून झालं होतं, आणि ते दारापाशी आपल्या जागी उभे होते. अडकलेला काटा सोडवायला घेतलेला एक व्होल्टमीटर त्यांच्या हातात होता. एवढ्यात फट्ट आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि एलिमिनेटरच्या जाळीतून काळा धूर निघाला.

यानंतरचं सरांना आठवतं ते असं, की ते जिन्याजवळच्या पाण्याच्या नळापाशी उभे आहेत. व्होल्टमीटर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलाय. नळ ठिबकतोय. आपण मेन स्विचच्या शेजारून पळालो, डोकं त्याच्या दांड्याला लागलं असतं इतक्या जवळून पळालो, हे त्यांना तिथे कळलं.

ते परत आले तेव्हा खिडक्या उघडल्या होत्या आणि पोरं खोकत होती. मेन बंद होता. वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, जिला सगळे जिराफ म्हणत, ती पार खिडकीकडच्या टेबलावरून स्टुलं ओलांडत आली होती आणि तिने दांडा ओढला होता. तो तुटून तिच्या हातात आला होता.

"बंद केलाय, सर," ती म्हणाली.

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, धापा टाकत वर आल्या. धूर पाहिला, पोरं मोजली, आणि सरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून बरं. वस्तूसुद्धा वाचवलीत!"

सर गप्प राहिले. वर्गही गप्प राहिला. व्होल्टमीटरचा काटा शून्यावर आला होता. बहुधा धावण्याच्या हिसक्याने सुटला असावा.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुमच्या मोठ्या बाई दवाखान्यात आल्या होत्या, रक्तदाब बघायला. म्हणाल्या, तुमचे मिस्टर देवमाणूस आहेत. मी म्हटलं, पत्ता चुकलाय का?"

सर हसले नाहीत. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"अहो, कुठे होतात तुम्ही?"

"नळापाशी."

तिने तुकडा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "मीही पळाले असते कदाचित. पण मी आधी दरवर्षी भाषण दिलं नसतं."

पुढच्या दिवसांत वर्गाने सरांना काही म्हणजे काही बोलून दाखवलं नाही. उलट सगळे फार नीट वागू लागले. सर आले की उभे राहत, वस्तू हळू ठेवत. सरांना आधी तो आदर वाटला. मग लक्षात आलं, नकल्याने नक्कल करणं सोडलंय. सर एकदा दाराआड थांबले, चांगले थांबले. आत कुणीतरी म्हणालं, "ए, कर ना सरांची." नकल्या म्हणाला, "नको रे. राहू दे." आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात त्या आवाजात. सर पाय वाजवत आत गेले.

तुटक्या दांड्याचं प्रकरण मग निघालंच. दुरुस्तीवाला येऊन गेला आणि मोठ्या बाईंनी जिराफला आणि सरांना खोलीत बोलावलं. टेबलावर तो लाल दांडा होता.

"तू तोडलास?"

"हो, बाई."

"सरांनी मेन बंद केल्यावर तू त्याला हात लावलासच कशाला? शाळेच्या मुख्य विजेशी खेळ? उद्या वडिलांना घेऊन ये."

जिराफने मान खाली घातली. एवढी उंच पोरगी, पण त्या खोलीत ती कुठे मावेना आणि कुठे लपेना. तिने सरांकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. निदान मागणी तरी झाली असती. ती त्यांना सांभाळून घेत होती, जसं घरी स्टुलावर चढताना बायको घेते.

"मी बंद केला नव्हता," सर म्हणाले. आवाज इतका लहान निघाला, की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "मेन हिने बंद केला. मी पळालो होतो. नळापर्यंत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि व्होल्टमीटर?"

"तो हातात होता."

बाईंनी जिराफला वर्गात पाठवलं. वडिलांना आणू नकोस म्हणाल्या. मग दार लोटून सरांना म्हणाल्या, "हे इथेच राहू दे. पालकांच्या कानावर गेलं तर उगाच शोभा होईल. तुमचीही आणि माझीही."

"वर्गाला माहीत आहे, बाई."

"मग झालं तर. माहीत आहे ना? सांगायचं कशाला?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. आठवडाभर तो सरांना पुरला असता. पण दुसऱ्याच दिवशी तोच प्रयोग पुन्हा होता, नव्या एलिमिनेटरवर. मुलं टेबलांपाशी उभी राहिली. सवयीने सगळ्यांनी दाराकडे बघितलं. सर तिथे नव्हते. ते आत, शेवटच्या टेबलामागे, भिंतीला पाठ लावून उभे होते. दार आणि त्यांच्यामध्ये अख्खा वर्ग होता.

"जिराफ, तू दारापाशी उभी राहा," ते म्हणाले. मुलांनी ठेवलेलं हे टोपणनाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. मग म्हणाले, "मागच्या वेळी मी तिथून पळालो. तुम्ही बघितलंत. बाईंना मी ते लगेच सांगितलं नाही, तेही बघितलंत. लिहून घ्या. दक्षता पहिली: शिक्षकांना दारापाशी उभं करू नये."

कुणी पेन उचललं नाही. नकल्या सरांच्या अगदी पुढ्यात होता. त्याने मान वळवून विचारलं, "खरंच लिहायचं, सर?"

"लिही."

सगळ्यांनी लिहून घेतलं. कुणी हसलं नाही. सर नकल्याच्या पाठीकडे बघत, तो आता वळून भुवया उडवेल म्हणून थोडे थांबले. मग म्हणाले, "घाला कळ."