आबांच्या पोटावरचे डाग

"या, या. बघून घ्या. असं पुन्हा बघायला मिळायचं नाही."

डॉक्टरांनी पडदा सारला आणि बाहेर बसलेल्या माणसांना आत बोलावलं. टेबलावर माझे आबा होते. सदरा गळ्यापर्यंत वर केलेला. बेंबीभोवती डागांचे चट्टे, ताजे, पाणी धरलेले.

आम्ही माण तालुक्याकडचे मेंढपाळ. पोटात कळ उठली की तापलेल्या विळ्यानं डाग द्यायचा, ही आमची रीत. मेंढराला तसाच माणसाला. आबांनी डागावर डाग घेतले. तरी कळ थांबेना, तेव्हा भाऊबंदांनी त्यांना सांगलीला माझ्याकडे आणून सोडलं. मी हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होतो. घरातला पहिला शिकलेला.

बायको म्हणाली, सिव्हिलला न्या. मी ऐकलं नाही. सिव्हिल म्हणजे ज्याला कुणी नाही त्याची जागा, असं मला वाटायचं. मी आबांचं घोंगडं काढून ठेवलं, त्यांना माझा धुतलेला सदरा चढवला आणि मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. मेंढरांचा वास येऊ नये म्हणून तो सदरा. लिहितानाही लाज वाटते.

आत आलेल्यांत एक टायवाला औषध कंपनीचा माणूस होता. एक बाई होती, नाकाला पदर लावलेली. डॉक्टर त्यांना म्हणाले, "मेंढीला डागतात, तसंच बापालाही डागतात. फरक करत नाहीत ही माणसं."

टायवाला हसला. आबा दोन्ही हातांनी सदरा खाली ओढू बघत होते. डॉक्टरांनी त्यांचे हात बाजूला सारले. मी हात जोडून उभा. माझ्याही तोंडावर हसू होतं. मालकासमोर आपोआप येतं, तसलं.

"आतड्याला पीळ पडलाय," हात धुता धुता डॉक्टर म्हणाले. "आजच पोट उघडावं लागेल. पण इथं नाही. ही चिघळलेली कातडी माझ्या थिएटरात नको. सिव्हिलला न्या. असल्यांसाठीच काढलंय ते सरकारनं."

"व्हय साहेब," मी म्हणालो.

टांग्यात आबा कण्हत होते. मधेच म्हणाले, "त्या बाईम्होरं उघडं केलं रं मला." पोटाचं काही बोलले नाहीत. एवढंच बोलले.

सिव्हिलमध्ये खाट नव्हती. नर्सबाईंनी व्हरांड्यात सतरंजी अंथरून दिली आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली. शेजारी आष्ट्याची एक म्हातारी आजारी लेकीजवळ बसली होती. मला म्हणाली, "घाबरू नगंस बाबा. मोटं डाक्टर हितं बी येत्यात. पैशेवाल्यांचं बी त्येच, आपलं बी त्येच. फकस्त हितं त्यास्नी लय घाई असती."

खासगीतले मोठे डॉक्टर सिव्हिलला मानद म्हणून यायचे. दुपारी आले ते तेच. मागे शिकणारी मुलं.

त्यांनी आबांना ओळखलं. "अरे, आलं का हे इथं? बरं झालं. मुलांनो, पुढं या." आणि वाकून सदऱ्याला हात घातला.

मी तो हात धरला. त्या क्षणापर्यंत कुणा साहेबाच्या अंगाला मी बोटही लावलं नव्हतं.

"आदी त्यास्नी इचारा," मी म्हणालो. पेठेत राहून घासूनपुसून घेतलेली माझी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"काय?"

"तपासा. पोरांस्नी बी दावा, शिकू द्यात. पर आदी त्यास्नी इचारा. आन हसायचं न्हाई."

"मग ऑपरेशन कोण करणार? तू?"

"तुमीच करायचं. सकाळी तुमच्या दारात आलो, तुमी हाकललं. ह्यो दवाखाना तुमचा न्हाई."

"खरं हाय त्येचं," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. परत फिरकले नाहीत. ऑपरेशन ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी केलं, दिवस कलल्यावर. आधी ते आबांजवळ उकिडवे बसले. "आजोबा, पोट बघू का?" आबांनी आपल्या हातानं सदरा वर केला.

आबा वाचले नाहीत. आतडं काळं पडलं होतं.

मोठ्या डॉक्टरशी भांडलास म्हणून बाप गेला, असं भावकीत अजून म्हणतात. त्यांनी केलं असतं तर आबा जगले असते का? मला माहीत नाही. सकाळी मोठेपणा न मिरवता आधी सिव्हिललाच नेलं असतं तर? हा प्रश्न मला सोडत नाही, आणि त्याचा भार माझा मी वाहीन. पण तो हात धरला, याचा पश्चात्ताप मला झालेला नाही. होणारही नाही.

पेठेत हल्ली बोलतात, सरकारी दवाखाने कशाला पोसायचे, ज्याला बरं व्हायचंय तो जाईल की खासगीत. सिव्हिल म्हणजे घाण. आहे घाण. खाटा कमी आहेत, औषधं नसतात, माणसं खेकसतात. पण तिथं मला 'का' म्हणून विचारता येतं. खासगीत दार लावून घेतलं की विषय संपला.

परवा बायकोला ताप होता. सिव्हिलला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "औषध संपलंय. उद्या या." आम्ही बाकावर बसून राहिलो, मोठ्या साहेबांना बोलवा म्हणालो. रांगेतले आणखी काही जण येऊन बसले. खिडकी बंद झाली, पण साहेब आले नाहीत. औषधही आलं नाही.

उद्या पुन्हा जाणार आहे. खासगीत नाही, तिथंच. ते औषध तिथं असायला पाहिजे. ते येईपर्यंत मी तिथल्या कुणाला सुखानं बसू देणार नाही.