माळेतली वाट

बर्निस आजींकडून मडकं घेतलं की त्या आधी आपलं बोट धरायच्या आणि मडक्याच्या गळ्याभोवती मातीची माळ असते, तिच्यावरून फिरवायच्या. माळ एका जागी मुद्दाम तुटलेली असे. तिथे बोट थांबवून म्हणायच्या, "ही माझी वाट. ही बंद झाली तर मी आत अडकेन. मग पुढचं मडकं विसरा!"

आजी अमेरिकेतल्या मूळनिवासी नवाहो जमातीच्या. यंदाच्या हिवाळ्यात त्या गेल्या. गॅलप गावाबाहेर राहायच्या, मी तिथल्या दवाखान्यात फार्मसिस्ट. मातीच्या वळ्या रचून मडकं घडवायचं, ज्युनिपरच्या लाकडांत उघड्यावर भाजायचं आणि गरम असतानाच पाइनची राळ फासायची, हे त्यांना आईने शिकवलेलं. एका दुकानदाराने "चिखलाची मडकी" म्हणून नाक मुरडलं, तर त्याला म्हणाल्या, "चकचकीत हवंय? मग बाथरूमच्या टाइल्स विक!"

त्यांचं एक मडकं मी प्लेनो शहरात दिराच्या, सुहासच्या, वास्तुशांतीला दिलं. पुढे सुहासने शोकेसचा फोटो पाठवला, तो मी कौतुकाने आजींना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "माझी वाट कुणी बुजवली?"

त्यानंतर त्या कामाला बसल्याच नाहीत. टबातली माती वाळून तडकली. "आई दिवसभर नुसती भिंतीकडे बघत असते," लेक म्हणाली. माझं डोकंच फिरलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला प्लेनोला गेले ती थेट शोकेसपाशी.

"वहिनी, डिफेक्ट होता, इपॉक्सी ग्लूने फिक्स केला. कलर मॅच बघा ना!" सुहासला वर अभिमान! मी सगळं सांगितलं, तर हसला. "कमॉन वहिनी, असल्या अंधश्रद्धा कोण मानतं, यार?"

असल्या म्हणे! हाच गृहस्थ मुख्य दार पूर्वेलाच हवं म्हणून बिल्डरशी हमरीतुमरीवर आला होता. आजींच्या घराचं दारही पूर्वेलाच होतं. पण त्यांची ती अंधश्रद्धा आणि याचं ते वास्तुशास्त्र! मी सगळ्या पाहुण्यांदेखत विचारलं, "मग तुझं दार लिंपून टाकू का?" जाऊबाईंनी गराजमधून कानस आणून दिली.

मी डायनिंग टेबलावरच घासायला बसले. जेवण थंड झालं, होऊ दे. इपॉक्सीचा शेवटचा कण निघाल्यावर आजींना व्हिडिओ कॉल लावला आणि मोकळ्या जागेवरून बोट फिरवून दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग मागे वळून लेकीवर खेकसल्या, "बसलीस काय? टबात पाणी ओत!"