वाढणारीचं ताट

"सून गुणाची हाय. बोलत न्हाई, अन् खाती तर चिमणीवानी!"

ओट्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या गंगूकाकूंना सांगत होत्या. आत पातेलं खरवडत मी ऐकत होते. कोल्हारच्या या घरात वाढायचं काम सुनेचं, आणि वाढणारीनं जेवायचं शेवटी. माझी पाळी येईपर्यंत पातेल्यात काही उरत नाही. उरतात ते किस्से!

*

नवी आले तेव्हा एकदा म्हणाले, "तांदूळ संपले."

आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. "भरल्या घरात संपले म्हनू नये. वाढले म्हनावं!"

ते दुष्काळाचं साल. मग काय, गूळ वाढला, तेल वाढलं, आणि घासलेट तर सारखंच वाढायचं!

*

भांडी घासताना बांगडी फुटली. "फुटली न्हाई, वाढली म्हन!"

कासारीण आली. तिनं माझा हात दाबून पाहिला आणि लग्नातल्यापेक्षा लहान माप काढलं. "वैनी, बांगडी वाढली, पर हात आटला की!"

"नाजूकच हाय ती," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या.

*

विहिरीवर नवी मोटर बसली. मामंजींनी थाटात नारळ वाढवला, बटण दाबलं, आणि लाइट गेली!

खोबरं सगळ्यांना वाटलं. माझ्या हाती करवंट्या आल्या. चुलीत घालायला.

*

नणंदेच्या सासरची माणसं जेवायला आली होती. अन्न कमी पडायला लागलं की आत्याबाईंची एक रीत असते. तोंडानं मोठ्यांदा, "वाढ गं, लाजू नको!" आणि डोळ्यांनी, "आवर हात!"

मी पडले नवी. तोंडाचं ऐकलं. शेवटच्या दोन पुरणपोळ्या व्याह्यांच्या ताटात!

पाहुणे गेल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "तू काय खाल्लंस?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "तिला भूकच कुठं असती!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी जेवायला बसली. मी भाकरीची टोपली आणि कालवणाचं पातेलं आत्याबाईंपुढे सरकवलं. त्यांच्याच शेजारी पाट मांडला, ताट घेतलं, मांडी घातली.

मामंजींचा घास हातातच राहिला. हे खाली बघून हसू दाबत होते.

"आत्याबाई," मी म्हणाले, "चिमणी पंगतीला बसलीय. वाढा!"